खालची बाजू

नव्या गिऱ्हाइकाच्या घरात शिरलं की जॅकदादा आधी सामानाकडे बघायचे नाहीत. माणसांकडे बघायचे. आम्ही पट्टे सोडायचो, कपाटांची दारं हलवून बघायचो, जिना किती अरुंद आहे ते पाहून यायचो. दादा दारात उभे राहून एकच प्रश्न विचारायचे, "सगळ्यात शेवटी काय भरायचं?"

घरं हलवण्याचं काम आम्ही बरीच वर्षं एकत्र केलं. लोकांचं सामान एका घरातून काढायचं, गाडीत भरायचं, दुसऱ्या घरात लावून द्यायचं. शेवटी भरलेलं आधी उतरतं, तेव्हा प्रश्न कामाचाच होता. पण दादांना त्याच्या उत्तरातून आणखी काही कळायचं. कुणी आरशाकडे बोट दाखवायचं, कुणी शिलाई मशीनकडे. एक गृहस्थ म्हणाले, "मलाच शेवटी भरा. मी आधी जाऊन तिथे एकटा काय करू?" दादा आमच्या कानाशी येऊन म्हणाले, "याला एकटं सोडू नका." आम्ही त्यांना दाराला पाचर लावायला सांगितली. मग काढायला. मग परत लावायला. दिवसभर ते आमच्यात राहिले आणि निघताना म्हणाले, फार काम झालं आज.

दुसऱ्या एका घरातले साहेब सकाळपासून ओरडत होते. हे असं धरू नका, ते तिथे टेकवू नका. आमच्यातला पैलवान तापला. दादांनी गाडीच्या मागच्या दाराची किल्ली काढली आणि साहेबांच्या हातात दिली. "साहेब, तुम्ही सांगितल्याशिवाय हे दार कुणी उघडायचं नाही." साहेब खाली गाडीपाशी जाऊन उभे राहिले. वर आम्ही शांतपणे घर रिकामं केलं.

"त्यांना बनवलंत तुम्ही," मी म्हणालो.

"बनवलं कुठे? त्यांना हुकूम सोडायचा होता. हुकूम सोडायला एक दार दिलं. दार उघडायचं कधी, ते खरंच त्यांनीच सांगितलं की."

दादांचं म्हणणं साधं होतं. माणसाला आतून काहीतरी हवं असतं. ते तो बोलून दाखवत नाही, पुष्कळदा त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं, पण त्याच्या उठण्याबसण्यात ते दिसतं. कुणाला मान हवा, कुणाला सोबत, कुणाला सगळं जागच्या जागी, कुणाला नुसतं निवांत बसायला एक कोपरा. सगळ्यांना सगळंच थोडंथोडं हवं असतं, पण एखादी गोष्ट अशी असते की ती नसली तर माणूस वाकडा वागायला लागतो. दादा तिला कळ म्हणायचे. "आपल्याला जे हवंय तेच समोरच्याला हवंय असं धरून चालू नका. निम्मी भांडणं तिथेच होतात."

पैलवानाची कळ कौतुक. अंगाने दांडगा, मनाने लहान मूल. शाब्बास म्हटलं की तो फ्रीजला एकटाच मिठी मारायचा आणि मग दोन दिवस कंबर धरून फिरायचा. म्हणून दादा त्याला शाब्बासकी बेताने द्यायचे, औषधासारखी.

"आणि माझी?" मी एकदा विचारलं.

"तुला दुसऱ्याची चूक हवी असते."

सगळे हसले. "मला काम नीट झालेलं हवं असतं," मी म्हणालो.

"तेच. पण नीट झालं की तुझा चेहरा पडतो बघ."

मी वाद घातला नाही. काम हे एकतर नीट असतं किंवा नसतं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. चेहऱ्याचं मला माहीत नाही.

त्यांना जॅकदादा का म्हणायचे ते सांगतो. जिन्यावरून जड वस्तू न्यायची तर दोघं लागतात. एक वर, एक खाली. वस्तूखालून पट्टे जातात, ते दोघांच्या खांद्यांवर येतात. वरचा पाठमोरा चढतो आणि मान वळवून पायऱ्या सांगतो. खालच्याला काही दिसत नाही. त्याच्या नाकासमोर नुसतं लाकूड असतं आणि ओझ्याचा मोठा वाटा त्याच्याकडे उतरतो. दादा कायम खाली असायचे. गाडीखाली जॅक लावतात तसे. ही बाजू त्यांनी कधी कुणाला दिली नाही. नवीन आलेला कुणी उत्साहाने खाली जाऊन उभा राहिला तर दादा त्याच्या खांद्यावरचा पट्टा न बोलता उचलून आपल्या खांद्यावर घ्यायचे.

त्यांची आणखी एक पद्धत होती. जड वस्तूला ते आधी तळाशी दोन रेघा मारायचे, खडूने. एक वरच्याच्या पट्ट्याची, एक खालच्याच्या. पट्टा रेघेवर बसला की ओझं ठरल्याप्रमाणे वाटलं जातं आणि वळणावर वस्तू ठरल्याप्रमाणे फिरते. रेघ सोडून पट्टा लावायचा नाही. या एका गोष्टीवर ते चिडायचे. बाकी कशावर नाही.

मग त्यांचा गुडघा गेला.

एका दिवसात नाही गेला. आधी गाडीतून उतरताना ते दाराला धरायला लागले. मग गुडघा सुजला. डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलं. दादांनी तेल आणलं आणि ओझं चालू ठेवलं. काकू, म्हणजे दादांच्या घरच्या, घरीच लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून द्यायच्या. त्यांनी समजावलं, रागावल्या, अबोला धरला. दादांनी अबोल्यातही तेल मागितलं, खुणेने.

शेवटी काकू आमच्या गाडीतळावर आल्या. दादा नळावर हात धूत होते तेवढ्यात पैलवानाला आणि मला बाजूला घेतलं.

"ते घरी बसायचे नाहीत. बसले तर मला वेड लागेल. पण त्या गुडघ्यावर एवढं ओझं नको. तुम्ही काहीतरी करा ना."

"काय करू, काकू?" मी म्हणालो.

"काहीही कर. पण त्यांना कळता कामा नये."

"काकू, माझ्यावर सोडा," पैलवान म्हणाला.

"सोडलं. तुझ्यासारखा दुसरा नाही बघ."

झालं. पैलवानाला एवढंच लागायचं.

त्याने केलं ते असं. वरच्या बाजूला तो असायचा. आपला पट्टा तो रेघेवर न लावता हातभर आत, वस्तूच्या मध्याकडे सरकवायचा. जो मध्याच्या जवळ धरतो त्याच्यावर जास्त ओझं येतं. दादांवरचं तेवढं कमी व्हायचं. दादा खाली, नाकासमोर लाकूड, त्यांना वरचा पट्टा दिसायचा प्रश्नच नव्हता. मला दिसायचा.

"रेघ सोडलीस," मी त्याला म्हणालो.

"तू गप्प बस. काकूंना शब्द दिलाय."

"वस्तूचं डोकं तुझ्या खांद्यामागे निघतंय. वळणावर मार खाशील."

"बघू वळणावर."

त्या महिन्यात वळणं सोपी आली. आणि दादा बदलले. त्यांची मान सरळ झाली. एक पलंग वर पोचवून ते शीळ घालत खाली आले. "तेल लागू पडलं रे," ते म्हणाले. "परवापर्यंत जिना दिसला की आधी पायऱ्या मोजायचो. आता हलकं वाटतं." घरी जाऊन त्यांनी काकूंनाही सांगितलं. काकूंनी नवीन बाटली आणून ठेवली. दुसरं काय करणार?

असं चाललेलं असताना एका आजींचं काम आलं.

आजी एकट्या राहायच्या. आता लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. लेकीचं घर दुमजली, आजींना वरची खोली दिलेली. दादांनी दारात उभं राहून नेहमीचा प्रश्न विचारला. आजींनी कपाटाकडे बोट दाखवलं. जुनं लाकडी कपाट, पुरुषभर उंच, एका सुताराने खुंट्या ठोकून एकसंध केलेलं. स्क्रू एकही नाही. सुटं करायचं तर तोडायलाच लागलं असतं. फक्त आतले खण निघत होते.

"आई, आमच्याकडे कपाटं आहेत ना," लेक म्हणाली.

"आहेत. तुमची आहेत."

"खोलीत भिंतीतलं कपाट आहे, रिकामं करून दिलंय," जावई म्हणाले. "शिवाय हे जिन्यातून जायचं नाही. इथेच कुणाला तरी देऊन टाकू."

 आजी दादांकडे वळल्या. "लेक चांगली आहे. जावईही चांगले आहेत. सगळं करतील माझं. पण त्या घरात कुलूप लावता येईल असं माझं एक दार असू दे."

दादा कपाटाकडे न बघताच म्हणाले, "जाईल, आजी."

मग कपाट गाडीतून लेकीच्या घरी आणल्यावर त्यांनी सुतळीने जिना मोजला. निम्म्यावर वळण होतं, तिथे छोटी मोकळी जागा, मग उरलेल्या पायऱ्या. कपाट वळत होतं, पण बोटभर जागा राखून. दादांनी रेघा मारल्या, पुसल्या, पुन्हा मारल्या. "रेघेवर राहिलो तर निघेल," ते म्हणाले. पैलवानाने मान डोलावली.

कपाट उचललं. पैलवान वर, दादा खाली. मी मागे दोन खण घेऊन. "पायरी," पैलवान सांगत होता. "पायरी. पायरी." दादा हलके चढत होते. मी वर बघितलं. पट्टा हातभर आत होता.

वळणावर कपाटाचं डोकं भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसलं.

"मागे घे," पैलवान म्हणाला. मागे घ्यायला खाली पायरी होती, पायरीवर दादांचा पाय होता. "डावीकडे." डावीकडे कठडा. कपाट ना पुढे ना मागे. वरून जावयांचा आवाज आला, "मी म्हटलंच होतं."

 दादा लाकडाला गाल लावून उभे होते. मग म्हणाले, "पैलवान, पट्टा कुठे आहे तुझा?"

"जागेवर आहे, दादा."

"जागेवर असता तर हे अडकलं नसतं. कुठे आहे?"

पैलवानाने पट्ट्याकडे बघितलं.

"आत घेतलायस?"

"थोडा."

 मी खण पायरीवर ठेवले आणि दादांच्या मागे जाऊन कपाटाला हात लावला.

"हात काढ," ते मागे न बघता म्हणाले.

"दादा, गुडघा..."

"हात काढ म्हटलं ना. पैलवान, पुढची कड पायरीवर टेकव. पट्टा सोड आणि रेघेवर घे. तोवर मी धरतो."

पैलवानाने कड टेकवली, पट्टा सोडला. कपाट आता खाली घसरू बघत होतं आणि त्याला अडवायला दादांशिवाय काही नव्हतं. मी त्यांच्या मागेच होतो. त्यांचा गुडघा मला दिसत होता. विजारीचं कापड थरथरत होतं, वारा लागल्यासारखं. दादांनी पाय हलवला नाही. पैलवानाची बोटं घाईत चुकत होती. "सावकाश," दादा म्हणाले. "मी आहे इथे." पट्टा रेघेवर बसला. पैलवानाने उचललं. कपाटाचं डोकं कोपऱ्यातून सुटलं, बोटभर जागेतून फिरलं आणि आम्ही वळणावरच्या मोकळ्या जागेत आलो. कपाट उभं केलं.

दादा पायरीवर बसले. पाय सरळ लांब केला. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दादा, काकूंनी..."

"कुणी सांगितलं ते विचारलं नाही. कधीपासून?"

"गुडघा सुजला तेव्हापासून."

दादांनी मान हलवली. "म्हणजे तेल लागू पडलं नव्हतं."

कुणी हसलं नाही. पैलवानाचे डोळे भरले होते. एवढा मोठा माणूस, बाहीला नाक पुसत होता. "तुम्हाला त्रास नको म्हणून केलं, दादा."

"ठाऊक आहे. वाईट हेतूने केलं असतंस तर बरं होतं. एक ठेवून तरी दिली असती."

मग ते आपल्या वडिलांबद्दल बोलले. आजवर कधी बोलले नव्हते. वडील लाकडाच्या वखारीत होते. वय झालं, हातातली ताकद गेली, तरी वखारीत जायचे. बाकीचे त्यांना ओंडक्याचं एक टोक धरायला द्यायचे. त्या टोकाखाली हळूच लाकडी घोडी सरकवलेली असायची. ओझं सगळं घोडीवर. वडील घरी येऊन सांगायचे, आज केवढा ओंडका उचलला.

"एक दिवस त्यांनी खाली वाकून बघितलं," दादा म्हणाले. "त्यानंतर ते कामावर गेले नाहीत. घरी खुर्चीत बसले ते बसलेच. आम्ही केर काढताना खुर्ची उचलून बाजूला ठेवायचो, त्यांच्यासकट. सामानात जमा झाला माणूस." गुडघा चोळत म्हणाले, "ती घोडी मीच सरकवायचो. मलाही वाटायचं, त्यांना त्रास नको."

तेव्हा मला कळलं की दादांना खालची बाजू का हवी असायची. ताकद दाखवायची म्हणून नाही, मान हवा म्हणूनही नाही. आपण हात काढला तर काहीतरी खाली येईल, एवढी खात्री त्यांना रोज हवी होती. आमच्या सगळ्यांच्या कळा त्यांनी शोधल्या होत्या. त्यांची आमच्यापैकी कुणी शोधली नव्हती. आम्ही त्यांचं ओझं काढलं आणि समजलो, भलं केलं.

वरून आजींनी विचारलं, "आलं का हो?"

"येतंय, आजी. निम्म्यावर आहे."

"राहू द्या आता तिथेच," जावई म्हणाले. "तुमचा पाय बघा आधी."

"पाय बघितलाय," दादा म्हणाले आणि कठड्याला धरून उभे राहिले. मला वाटलं, आता ते पुन्हा खाली जाणार. पैलवानालाही तेच वाटलं असावं, तो वाट अडवून उभा राहिला. दादांनी त्याला बाजूला केलं आणि आपला पट्टा माझ्या खांद्यावर टाकला.

"वर मी. खाली हा."

"मी?"

"तू. खालून दुसऱ्याच्या चुका दिसत नाहीत. तेवढाच बदल तुला." मग पैलवानाकडे वळून म्हणाले, "तू खण घे. आणि तुम्ही दोघं ऐका. पट्टे रेघेवर. मला वर जेवढं येईल तेवढं येऊ दे. कमी असेल तर कमी. पण जे येईल ते खरं असलं पाहिजे."

मी बऱ्याच वर्षांत बरंच काही उचललं होतं. पण बहुतेक वेळा वरून, नाहीतर सपाट जागेवर. त्या दिवशी पहिल्यांदा जिन्यावर खाली उभा राहिलो. कपाट कललं आणि ओझं खांद्यातून पाठीत, पाठीतून टाचेत उतरलं. समोर लाकूड. डोक्यात दुसरा विचार टिकेना. कोण चुकतंय, कोण बरोबर, काही नाही. फक्त दादांचा आवाज.

"पायरी. पायरी. थांब. श्वास घे. पायरी. कठडा सोड उजवीकडे. पायरी."

आवाज खणखणीत होता. शेवटच्या पायरीवर माझा पाय कडेला अडला. "आहे ना?" वरून आलं. "आहे," मी म्हणालो. "चल मग."

कपाट खोलीत भिंतीला लागलं. दादांनी पट्टा उतरवला, माझ्याकडे बघितलं.

"किती आलं?"

"सगळं आलं."

"खोटं नाही ना बोलत?"

"खोटं बोलण्याइतका श्वास नाही, दादा."

तेव्हा ते हसले. "वर कमी येतं," ते म्हणाले. "पण आलं."

पैलवानाने खण बसवले. आजींनी कपाटाचं दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली. "आत काही ठेवलंच नाही अजून," जावई म्हणाले. "काय ठेवणार?"

"ठरवीन मी," आजी म्हणाल्या.

त्यानंतर दादा बरीच वर्षं वरच्या बाजूला राहिले. पुढे वरचंही झेपेना, तेव्हा ते पुढे चालून नुसत्या पायऱ्या सांगायचे आणि रेघा मारायचे. प्रत्येक बदल त्यांनी स्वतः सांगितला, आम्ही विचारायच्या आत. खाली मी असायचो. त्यांची एकही रेघ मी कधी सोडली नाही.

पण त्या दिवसाची गोष्ट अजून थोडी बाकी आहे. काम संपल्यावर मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. काकू मोरीपाशी होत्या. धुतलेल्या चादरींनी भरलेला मोठा टब गच्चीवर न्यायचा होता. दादांचं लंगडणं त्यांनी बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"उद्यापासून मी वरच्या बाजूला," दादा म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"मी."

काकू टबाकडे बघत राहिल्या. "कळलं तर तुम्हाला."

"कळलं."

"रागावलात?"

"जिन्यावर रागावलो होतो. आता भूक लागलीय." दादांनी टबाची एक कडी धरली. "उचल."

मी पुढे झालो. दादांनी नुसतं बघितलं, मी मागे झालो. काकूंनी दुसरी कडी धरली, टब उचलला गेला. दोन पावलं गेले असतील, दादा थांबले. मान वाकवून टबाखाली बघितलं. काकूंचा एक हात कडीला होता आणि दुसरा टबाच्या तळाशी, पार मध्यापर्यंत आत गेलेला.

"तो हात काढ."

"अहो, ओल्या चादरी आहेत, जड आहे."

"जड आहे म्हणूनच. काढ."

"आणि पडलं म्हणजे? पुन्हा सगळं कोण धुणार?"

"मी धुवीन."

काकूंनी हात काढला. टब दादांच्या बाजूला जरा खाली गेला, मग सरळ झाला. दोघं जिन्याशी पोचले.

"तू वर," दादा म्हणाले. "पायऱ्या सांग."